मालकाचा खास माणूस

आमचे बाबा बावीस वर्षं सहलीच्या बसवर ड्रायव्हर होते. पन्नास-पन्नास माणसं घेऊन ते त्या समुद्रकाठच्या शहरात जायचे आणि घरी आले की तिथल्या जेवणाचं कौतुक सुरू. "हॉटेलचा मालक म्हणजे माझा भाऊच. मला बघून गल्ल्यावरून उठून येतो. पैशाचं नाव काढलं तर रागावतो." तळलेल्या माशाचा एक तुकडा ते डब्यातून आईसाठी आणायचे. रात्रभर प्रवास करून आलेला तो तुकडा गार असायचा आणि त्याला डिझेलचा वास यायचा. आई तो चवीने खायची. "एकदा तिथे बसून गरम खायचंय," ती म्हणायची. "नेतो की," बाबा म्हणायचे. नेतो-नेतो करत बावीस वर्षं गेली.

बाबा निवृत्त झाले त्याच वर्षी माझं लग्न ठरलं. लग्नानंतर मी परदेशी जाणार होते, त्यामुळे आम्ही चौघं एकत्र बाहेर पडू शकू अशी ही शेवटचीच वेळ. बाबांच्या त्या शहरात जायला दादाने मित्राची गाडी मागून आणली. ती कोण चालवणार, हा प्रश्न कुणाला पडलाही नाही.

सकाळपासून बाबांच्या तोंडाला खळ नव्हता. बंदराजवळच्या टपरीवर शिंपल्यांचा रस्सा झाला, पुलाखाली भाजलेली कोळंबी झाली. "पोट राखून ठेवा, खरं जेवण पुढे आहे!" आईने दोनच कोळंब्या खाल्ल्या आणि हात पुसले. आम्ही बाबांची यथेच्छ टर उडवली. मालक हार घेऊन दारात उभा असेल, असं मीच म्हणाले. इस्त्रीच्या शर्टात ते नुसते हसत होते.

हॉटेलपाशी ते घाईने पुढे गेले, गल्ल्यावरच्या माणसाशी दोन वाक्यं बोलले आणि परत आले. "तुम्ही वर बसा. मालक म्हणतोय, आधी आत चला. आलोच मी." त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही, हे मला नंतर आठवलं.

जेवण आलं. माशातून वाफा निघत होत्या. "ते येऊ देत," आई म्हणाली. दहा मिनिटं झाली, वीस झाली. "मित्राने धरून ठेवलं असणार," दादा म्हणाला आणि जेवायला लागला. आईने हात लावला नाही. शेवटी मीच खाली गेले.

स्वयंपाकघराच्या मागे एक अरुंद खोली होती. बाकावर दोन ड्रायव्हर जेवत होते आणि तिसरे बाबा. मान खाली घालून, भराभर. गल्ल्यावरचा तो मालक दारातच उभा होता.

"काय हवंय, ताई? तुमचा ड्रायव्हर जेवतोय. जुना माणूस आहे, बसची पार्टी नेहमी इथेच आणायचा. पार्टी आणणाऱ्या ड्रायव्हरचं जेवण आमच्याकडे फुकटच. दहा मिनिटं द्या त्याला."

एक शब्द बोलायचा होता. 'बाबा' म्हणायचं होतं, बस. त्यांनी जपलेली गोष्ट सगळ्यांसमोर उघडी पडली असती म्हणून मी गप्प बसले, अशी मी पुढे स्वतःची समजूत घातली. पण ते खोटं आहे. ते दोन ड्रायव्हर माझ्याकडे बघत होते आणि मला लाज वाटली. स्वतःच्या बापाची लाज वाटली.

"घाई नाही," मी म्हटलं. "जेवू द्या त्यांना."

बाबांचा हात थांबला. त्यांनी वर बघितलं. मग हातातला घास तसाच ताटात ठेवून ते अर्धवट उठले.

"झालंच, ताई," ते म्हणाले. "तुम्ही जेवून घ्या. मी गाडीपाशीच आहे."

वर येऊन मी आईला सांगितलं, "मालक सोडतच नाहीये त्यांना. तू खा."

आईने माशाचा तुकडा मोडला, तोंडात घातला.

"गार झाला गं," ती म्हणाली, आणि नेहमीसारखा सगळा खाल्ला.