एका कार्डावरच्या दोन शरणम्मा

निलंग्याच्या अंगाला नवी चिंचोडी म्हणून गाव आहे. नवी अशासाठी, की जुनी भूकंपात गेली. सरकारनं नवं गाव वसवलं ते वहीच्या पानासारखं, रेघा मारून. रस्ते एवढे रुंद, की समोरच्या ओट्यावरच्या बाईला हाक मारायची तर आधी घसा खाकरून घ्यावा लागे. या गावात शरणम्मा नावाच्या दोघीजणी एका घरात राहत होत्या, आणि सरकारच्या लेखी त्या एकच होत्या.

हे कसं झालं ते आधी सांगते. लिंगायताच्या घरात नातवंडाला आजा-आजीचं नाव ठेवतात. म्हणून आजी शरणम्मा आणि नातही शरणम्मा. घोटाळा नको म्हणून थोरलीला सगळे आज्जी म्हणायचे आणि धाकटीला शरणू. भूकंपाच्या रात्री या दोघी शरणूच्या धाकट्या भावाला, गुंडप्पाला घेऊन शेतातल्या आखाड्यावर निजायला गेल्या होत्या. आखाडा म्हणजे कुडाचं खोपटं, ते पडलं तरी कुणाला काय लागणार! म्हणून ही तिघं राहिली. गावातल्या दगडी घरात निजलेले शरणूचे आईबाप राहिले नाहीत.

पुढं पत्र्याच्या शेडात नवी रेशन कार्डं लिहायला एक कारकून आला. “माणसं किती, नावं काय?” त्यानं विचारलं.

“शरणम्मा, शरणम्मा आन् गुंडप्पा,” आज्जी म्हणाली.

कारकुनाला वाटलं, म्हातारीच्या डोक्यावर परिणाम झालाय, एकच नाव दोनदा घ्यायलीय. त्याचे डोळे भरून आले. त्यानं पुन्हा न विचारता एकच लिहिलं. शरणम्मा, वय अडुसष्ट. चूक झाली ती दयेपोटी झाली, त्यामुळं तिच्यावर कुणाला धड रागावताही येईना.

दहा वर्षं त्या एका ओळीवर दोघींनी काढली. साखरेच्या रांगेत जी मोकळी असेल ती शरणम्मा उभी राहायची. आज्जीला निराधारचा पगार सुरू झाला तोही त्याच ओळीवर. आणि शरणूला कागद लागलाच नाही कशाला. शाळेचं रजिस्टर दगडाखाली गेलं होतं, आणि सहावीतून तिची शाळाही सुटली होती; गुंडप्पाला भाकर कोण घालणार? बाराव्या वर्षी तिनं आज्जीचं लुगडं नेसलं, केसांचा आंबाडा घातला आणि चुलीपुढं बसली. गाव तिला अक्का म्हणू लागलं. थोड्या दिवसांनी लेकरं मावशी म्हणू लागली. शेजारचा व्यंकटी तिच्यापेक्षा तीन वर्षांनी मोठा, मिशा फुटलेला गडी, पण तोही म्हणायचा, “शरणाक्का, दळण आणू का?” ती हसून “हाव, आण” म्हणायची. आतून मात्र तिला काहीतरी टोचायचं. आपण लहान कधी होतो आणि तरुण कधी होणार, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

गावात उभारी तरुण मंडळ होतं. रविकांत अध्यक्ष आणि त्याची चुलतबहीण धम्मप्रिया सचिव. रविकांत बोलायचा लई, धम्मप्रिया करायची लई, असं बरं चाललं होतं. त्या काळात लातूरच्या क्लासचं वारं सुटलं होतं. दहावी झाली की लेकरू लातूरला. मग तिथं एका खोलीत सहाजण, भिंतीला सूत्रांचे कागद चिकटवलेले. पण दहावीपर्यंत गावातच अभ्यास करायचा तर घरात टीव्ही, बाहेर लाऊडस्पीकर. मंडळानं ठरवलं, गावात अभ्यासिका बांधायची.

पावतीपुस्तकं छापून पोरं गावोगाव हिंडली. लोकांनी चहा पाजला. चहावर भिंत उभी राहत नाही, हे दोन महिन्यांत मंडळाला कळलं.

मार्ग निघाला तो गुंडप्पामुळं. तो अकरावीला लातूरला होता. शरणू त्याला महिन्याच्या कडक भाकरी करून पाठवायची. पातळ थापलेली ज्वारीची भाकर, चुलीच्या कडेला उभी करून अशी वाळवायची, की पापडासारखी मोडावी आणि महिनाभर टिकावी. वर शेंगदाण्याची चटणी. एकदा त्यानं निरोप पाठवला, “अक्का, भाकरी एका संध्याकाळी संपल्या. खोलीतली पोरं रडकुंडीला येऊन खायलीत. घरची आठवण यायलीय म्हणत्यात.”

शरणू मंडळाच्या बैठकीत गेली. पोरं सतरंजीवर बसली होती, ती दाराशीच उभी राहिली आणि म्हणाली, “पावत्या ठेवा घरात. भाकरी विकू.”

“कडक भाकर? विकत कोण घेईल अक्का?” रविकांत हसला.

“ज्याची माय इथं हाय आन् पोट लातूरला हाय, तो घेईल.”

तसंच झालं. दर शनिवारी बारा घरांच्या चुली पेटायच्या. कुणाची भाकर जाड झाली तर शरणू ती परत करायची, मग ती सरपंचाची सून असो. रविवारी धम्मप्रिया आणि शरणू टोपल्या घेऊन एसटीनं क्लासच्या गल्लीत जायच्या. पोरं पुस्तकं काखेत मारून रांग लावायची. दोन वर्षांत अभ्यासिकेवर पत्रा चढला. व्यंकटीनं भिंतीला निळा रंग दिला, थोडा स्वतःलाही दिला. संध्याकाळी तिथं तीस लेकरं बसू लागली. शरणू कधीमधी खिडकीतून डोकावून बघायची. आत गेली नाही कधी.

मग जानेवारीत तालुक्याच्या युवक समितीचं पत्र आलं. तालुक्यातल्या एका तरुण सभासदाचा सत्कार होणार, मंडळांनी नावं पाठवावीत. वय पंचवीसच्या आत. मंडळानं एकमतानं शरणूचं नाव लिहिलं. व्यंकटी तेवढा बोलला, “अक्का पंचवीसच्या आत हाय? खरं?”

“तुझ्याहून ल्हान हाय मी, मुडद्या!” शरणू म्हणाली, आणि तिचं तिलाच नवल वाटलं. एवढ्या जोरात ती आधी कधी बोलली नव्हती. त्या रात्री तिनं आरशात तोंड बघितलं. हा सत्कार तिला हवा होता. शाल नको, नारळ नको. चारचौघांत कुणीतरी मोठ्यानं म्हणावं, की ही पोरगी तरुण आहे.

समितीचे अधिकारी शेषेराव साहेब. माणूस सरळ, पण कागदाशिवाय सूर्यसुद्धा उगवू न देणारा. शिक्का कायम पिशवीत. शरणू, आज्जी आणि धम्मप्रिया कार्ड घेऊन त्यांच्यापुढं उभ्या राहिल्या.

“शरणम्मा, वय अठ्ठ्याहत्तर,” साहेबांनी हिशेब करून सांगितलं. “तरुण कशा ह्या?”

“ती मी हाय,” आज्जी म्हणाली.

“मग ह्या कोण?”

“ही बी शरणम्मा.”

“कार्डावर एकच आहे.”

“कार्डावर एकच हाय हो, घरात दोन हावोत. मोजा की! ही एक, मी एक.”

साहेबांनी चष्मा काढून पुसला. “आजी, मला दिसतंय. पण माझ्या दिसण्याला पुरावा म्हणत नाहीत. सही-शिक्क्याचा कागद आणा, दोन वेगळ्या शरणम्मा आहेत असा. नाहीतर एक करा. तहसिलात जाऊन या ओळीवरचं वय दुरुस्त करून घ्या. अठ्ठ्याहत्तर खोडून बावीस. सोपं आहे.”

“करून टाका,” आज्जी लगेच म्हणाली.

“न्हाई,” शरणू म्हणाली. “आज्जीचा पगार त्याच्यावर हाय. आन् पगार जाऊ द्या, आज्जीच जाईल की कागदावरून.”

“मला कागदावर ऱ्हाऊन काय करायचंय गं? गप, सुम्म बैस!”

“न्हाई म्हणले ना आज्जी.” शरणूनं कार्ड उचललं, पदरात गुंडाळलं आणि बाहेर आली. एसटीत ती खिडकीकडं तोंड करून बसली. आज्जीनं दोनदा चणे पुढं केले, तिनं दोन्ही वेळा हात मागं सारला.

धम्मप्रिया मात्र वाटभर काहीतरी पुटपुटत होती. उतरता उतरता म्हणाली, “सही-शिक्क्याचा कागद पाहिजे ना त्यांना? मग त्यांच्याच सहीचा देऊ.”

सव्वीस जानेवारीला मंडळाच्या स्पर्धा असायच्या. दरसाल पाहुणा बोलवायचा आणि निकालाच्या कागदावर त्याची सही घ्यायची, ही मंडळाची रीत. यंदा पाहुणे शेषेराव साहेब. फळ्यावर रंगीत खडूनं त्यांचं नाव लिहिलं. एवढ्या नोकरीत त्यांना असं कुणी बोलावलं नव्हतं; इस्त्रीचा सफारी घालून, पिशवीसकट हजर झाले. स्पर्धा वयोगटाप्रमाणं होत्या. साठच्या वर बायांचा लिंबू-चमचा. पंचवीसच्या आत मुलींची पळण्याची शर्यत.

“दोघींचा नंबर आला पाहिजे,” धम्मप्रियानं बजावलं. “पहिला, दुसरा, तिसरा, कोणता बी. त्याच्याशिवाय नाव लागत न्हाई कागदावर.”

“मी दहा वर्षांत पळाले न्हाई,” शरणू म्हणाली. “आन् आज्जीच्या तोंडात दात किती हायेत? दोन!”

“चमचा धराया दोन बस्स,” आज्जी म्हणाली.

लिंबू-चमच्याला सहा म्हाताऱ्या उभ्या राहिल्या. सगळ्यांत भारी होती व्यंकटीची आजी नागुबाई. बत्तीसच्या बत्तीस दात, रोज कडुलिंबाच्या काडीनं घासलेले. शिट्टी वाजली तशी ती सुसाट निघाली. आज्जी हिरडीत चमचा दाबून एकेक पाऊल टाकत होती, जणू लिंबू झोपलंय आणि ते उठू नये. मध्यावर नागुबाईनं वळून बघितलं. आज्जीचं फुगलेलं तोंड बघून तिला असं हसू फुटलं, की चमचा एकीकडं आणि लिंबू दुसरीकडं. “मेले वं माय!” म्हणत ती पोट धरून खाली बसली. तिला बघून बाकीच्याही हसल्या, आणि ज्या हसल्या त्यांची लिंबं गेली. आज्जीला हसायची सोयच नव्हती. तिनं तशीच रेघ ओलांडली.

मग मुलींची शर्यत. धम्मप्रियानं आपला पंजाबी ड्रेस शरणूला जबरदस्तीनं घातला होता. ओढणी कंबरेला बांधून शरणू उभी राहिली तेव्हा तिला उघडं उघडं वाटत होतं, आणि पाय तर आपले नव्हेतच असं वाटत होतं. आजूबाजूला नववी-दहावीच्या पोरी, हरणासारख्या. एकीनं म्हटलंसुद्धा, “मावशी, तुमी बी?”

शिट्टी झाली. पहिली दहा पावलं ती घाबरून पळाली. मग वारा लागला. आंबाडा सुटला, वेणी पाठीवर आपटायला लागली. कुणीतरी ओरडलं, “शरणे, पळ!” अक्का नाही, मावशी नाही, शरणे. मग तिला कागद आठवेना, नंबर आठवेना. एकेक पोरगी मागं पडायली. रेघ कधी ओलांडली तिला कळलंच नाही. ती पळतच राहिली, मैदान सोडून, अभ्यासिकेला वळसा घालून, थेट पाण्याच्या टाकीपर्यंत. व्यंकटी सायकल घेऊन मागं धावला, “अगं थांब! संपली शर्यत! दुसरी आलीस!”

ती टाकीला टेकून धापा टाकत हसत होती. एवढी हसत होती, की व्यंकटी सायकल तशीच धरून बघत राहिला.

धम्मप्रियानं निकालाचा कागद साहेबांपुढं ठेवला. साहेबांनी न वाचताच ऐटीत सही केली, शिक्का मारला, वर फुंकरही घातली. मग तिनं तो कागद मोठ्यानं वाचला. “साठच्या वर, प्रथम, शरणम्मा. पंचवीसच्या आत, द्वितीय, शरणम्मा. सही, शेषेराव साहेब. शिक्का.” आणि हात जोडून म्हणाली, “साहेब, आपण मागितलेला पुरावा.”

साहेबांनी कागद हातात घेतला, एकदा वाचला, पुन्हा वाचला. मान वर करून एकदा आज्जीकडं बघितलं, एकदा सुटलेल्या वेणीच्या शरणूकडं.

“फसवलंत मला,” ते म्हणाले.

“फसवलं कसं? तुमच्या डोळ्यांदेखत पळालो की दोघी!” आज्जी म्हणाली.

साहेब आधी गालात हसले, मग आवरेना तसे खुर्ची हलवून हसले. “रेशन कार्डाला हे चालायचं नाही बरं का. त्यासाठी तलाठ्याचा पंचनामा लागेल, ते मी सांगतो त्यांना. दोघींच्या दोन ओळी झाल्या पाहिजेत. पण माझ्या समितीला माझी सही चालते. नाही चालली तर मी कशाला आहे?”

फेब्रुवारीत तालुक्याला सत्कार झाला. नवी चिंचोडीहून टेम्पो भरून माणसं गेली. आज्जी पुढच्या रांगेत, नागुबाई तिच्या शेजारी, दोघींच्यात अजून लिंबावरून धुसफूस. माइकवरून नाव आलं, “कुमारी शरणम्मा, उभारी तरुण मंडळ, नवी चिंचोडी.” आज्जी सवयीनं उठली. नागुबाईनं तिला पदर धरून खाली बसवलं, “कुमारी म्हणलेत गं!”

शरणू मंचाकडं निघाली. चालत निघाली होती, पण अर्ध्या वाटेत टाळ्या वाढल्या, आणि पायऱ्या आल्या तेव्हा तिनं त्या दोन-दोन करून पळतच चढल्या. शेषेराव साहेब शाल सावरत घाईनं पुढं आले.

“सावकाश, सावकाश! पडशील.”

“पडत न्हाई साहेब,” माइक जवळच होता, त्यामुळं ते सगळ्या तालुक्यानं ऐकलं, “बावीस वर्षांची हाय मी.”