पेडल थरथरतं तेव्हा

मुरलेल्या ट्रक ड्रायव्हरला ब्रेक दाबायला शिकवायचं म्हणजे आधी हसून घ्यायचं आणि मग शिव्या खायच्या. पण डेपोतली ताई असल्या हसण्याला भीक घालणारी नव्हती. नवे ट्रक आले, त्यांत चाकं जाम न होऊ देणारे ब्रेक आले, आणि हिने मागच्या मैदानात पाणी मारून, रिकामी पिंपं मांडून शाळाच उघडली.

"पाय पूर्ण दाबायचा," ती सांगायची. "पेडल थरथरेल, खरखर करेल. करू दे! ब्रेक बिघडला नाही, कामाला लागलाय. गाडी थांबेपर्यंत पाय उचलायचा नाही आणि स्टिअरिंग वळवून पिंप चुकवायचं."

ऐकायला सोपं हो! पण वीस-वीस वर्षं ब्रेक मारत-सोडत आलेले पाय ते. पेडल थरथरलं की चटका बसल्यासारखे वर. शेवटी ताईने नियम काढला: ब्रेक दाबला की गाडी थांबेपर्यंत "नाही सोडणार!" असं ओरडत राहायचं. तोंड बोलत असलं की पायाला लबाडी करता येत नाही, असं तिचं म्हणणं. पहिल्या दिवशी माणसं लाजून अर्धी झाली. दुसऱ्या दिवशी असा गलका, की पलीकडच्या लाकडाच्या वखारीतून एकजण मारामारी बघायला धावत आला.

एकटा दादा काही ओरडेना. दादा म्हणजे ताईचा सख्खा थोरला भाऊ, डेपोतला सगळ्यात जुना ड्रायव्हर. ताईला गाडी शिकवली ती यानेच.

"मी काय बालवाडीत आहे?" म्हणत त्याने दोन फेऱ्यांत दोन पिंपं चेपली. आता शेवटची फेरी. यातही नापास झाला, तर किल्ली जमा आणि उद्यापासून गेटवर खुर्ची. सही ताईचीच लागणार होती. वहिनीने सकाळीच फोन केला होता, "वन्सं, गेटवर बसवलंत तर हे आम्हाला घरात बसू द्यायचे नाहीत!" ताईला हसू आलं. पण खोटी सही? छे! मेली असती तरी केली नसती.

ती लंगडत जाऊन त्याच्या शेजारी केबिनमध्ये बसली.

"दादा, माझा गुडघा कशाने गेला?"

"ओल्या रस्त्यावर गाडी घसरली तुझी."

"घसरली नव्हती. त्या गाडीला तेव्हाच असले ब्रेक होते. पेडल थरथरलं, मला वाटलं ब्रेक गेला. तू शिकवलं होतंस, मारायचा, सोडायचा, परत मारायचा. मी सोडला. परत मारायच्या आत गोदामाची भिंत आली."

दादाने मान वळवली. "आठ वर्षं बोलली नाहीस?"

"तुझ्या जुन्या गाडीला तुझंच बरोबर होतं. या गाडीला नाही. चल, सुरू कर."

त्याने गाडी काढली. वेग चाळीसवर आला, पाणी आलं, आणि दादाने पाय दाबला. पेडल थरथरलं. गुडघा वर यायला बघत होता, ताईला दिसत होता. तेवढ्यात दादा ओरडला, "नाही सोडणार! नाही सोडणार!" स्टिअरिंग फिरलं, पिंप बाजूने निघून गेलं आणि गाडी थांबली. हा आपला अजून ओरडतोच आहे, डोळ्यांतून घळाघळा पाणी.

"दादा, थांबली रे. सोड आता," ताई म्हणाली.

दुसऱ्या दिवशी नवी तुकडी आली. ओरडायचंय म्हटल्यावर ती खो खो हसायला लागली. ताई काही बोलणार, तोच दादा पुढे झाला.

"हसा," तो म्हणाला. "मीही हसलो होतो. ही लंगडते ना, ती मी शिकवलेल्या ब्रेकमुळे. आता बोला, पहिला कोण ओरडतोय?"