जो पयलो रडता

डिचोलीच्या बाजारातल्या माझ्या न्हाव्याला टीव्हीवरचा खुनी जाहिराती लागायच्या आधीच कळतो. त्याच्या दुकानात दिवसभर गुन्ह्यांच्याच मालिका चालू असतात. माझ्या गळ्यावर वस्तरा ठेवून, पडद्याकडे न बघताच तो म्हणतो, "जो पयलो रडता, तोच खुनी. बघ तू." आणि दरवेळी तोच निघतो. मालिकावाल्यांना दुसरं काही सुचतच नाही मेल्यांना.

परवा आमोण्याचा एक रिक्षावाला दाढीला आला. त्याची बायको आठवडाभर बेपत्ता होती, हे बाजारात सगळ्यांना ठाऊक होतं. बाकावर गप्पा मारत बसलेल्या आम्ही सगळ्यांनी नजर टीव्हीकडे वळवली. न्हाव्याने फेस लावून वस्तरा उघडला. टीव्हीवरच्या मालिकेत पोलीस एका नवऱ्याला त्याच्या बायकोचा फोटो दाखवत होते. खुर्चीतल्या माणसाच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. बाकावरच्या सगळ्यांनी, मी धरून, एकमेकांकडे पाहिलं. कोणीतरी हळूच म्हणालं, "रडलो मरे तो!"

न्हाव्याने वस्तरा मिटला. टीव्ही बंद केला. खांद्यावरचा टॉवेल त्या माणसाच्या डोळ्यांवर पसरला आणि वर हात ठेवून तो आरशातून आमच्याकडे बघत राहिला, आम्ही एकेक करून माना खाली घालेपर्यंत.