डोळे बांधून मोजलेले ठिपके

माश्यांवर पीएचडी करते म्हटलं की इकडे कन्नड मुलखात, हूटगळ्ळीतल्या आमच्या गल्लीत हमखास प्रश्न यायचा, "मारायच्या की पाळायच्या?" दोन्ही, मी म्हणायचे. पुढे कुणाला ऐकायचंच नसायचं, आणि खरी गंमत तर पुढेच होती.

फळमाशीची अळी भाताच्या शिताएवढी. ती टाचण्यांनी ताणून उघडली की आतले स्नायू दिसतात. चेतातंतू स्नायूला जिथे टेकतो तिथे शेकडो सिनॅप्स, म्हणजे बारीक सांधे, असतात, आणि तिथूनच रसायन सुटून स्नायूला हुकूम पोचतो. रसायन सुटलं की त्या जागी हिरवा ठिपका चमकावा, अशी सोय आम्ही त्या माश्यांच्या वाणातच करून ठेवलेली. तंतूला विजेचा बारीक झटका द्यायचा, व्हिडिओ घ्यायचा आणि ठिपके मोजत बसायचं. झटका सगळ्यांपाशी पोचतो, पण एक सिनॅप्स पुन्हा पुन्हा चमकतो आणि त्याला लागून असलेला दुसरा शंभर झटके दिले तरी ढिम्म. एकाच आईची लेकरं, एकाच ताटात जेवणारी, एक कामसू तर एक कुंभकर्ण. असं का, या प्रश्नापायी मी साडेचार वर्षं घालवली आणि एक क्षणही कंटाळले नाही.

माझं शेवटचं प्रकरण होतं उपाशी अळ्यांचं. अळीला उपाशी ठेवलं तर हे ढिम्म सिनॅप्स जागे होतात का? फेलोशिपचे सहा महिने उरले होते. यातून काही निघालं तर प्रबंध पुरा होणार होता, नाहीतर बोंब.

असल्या कामाचा एक नियम असतो. मोजणाऱ्याला कुठली अळी उपाशी आणि कुठली पोटभर जेवलेली हे कळता कामा नये. डोळा लबाड असतो, मनात असेल तेच मोजतो. म्हणून दुसऱ्या कुणीतरी व्हिडिओंची नावं बदलून नुसते आकडे द्यायचे आणि कुठला आकडा कुणाचा ती यादी पाकिटात बंद करून ठेवायची. हे काम शेजारच्या लॅबमधल्या माणसाला द्यायचं, अशी आमच्याकडची रीत. मी ते मामांना दिलं.

मामा म्हणजे आमच्या लॅबचे टेक्निशियन. आईच्या माहेरकडचं लांबचं नातं. पूर्वी त्यांचे आणि आमचे आजे-पणजे कापड रंगवायचे, छापायचे. आता मामा रवा आणि गूळ शिजवून माश्यांचं खाद्य करायचे. अख्ख्या लॅबमध्ये माझ्याशी मराठीत बोलणारा हा एकच माणूस. घरच्या माणसावर नाही विश्वास ठेवायचा तर कुणावर? अशी माझी अक्कल.

मोजता मोजता दोन महिने गेले. एके दिवशी खाद्याच्या खोलीत मी चक्क रडले. आकड्यांचे दोन ढीग पडतच नव्हते, सगळी सरमिसळ. मामा पातेलं ढवळत म्हणाले, "अय्यो, सुम्ने, उगाच कशाला रडतेस गं? होतंय सगळं. आधी खाऊन घे." त्यांनी डब्यातला अर्धा चित्रान्ना, आमच्याकडचा लिंबाचा पिवळा भात, माझ्यापुढे सरकवला. माझा आकड्यांचा तक्ता लॅबच्या कॉम्प्युटरवर उघडाच होता. मला त्यात काही वावगं वाटलं नाही.

पाकीट सरांसमोर, म्हणजे माझ्या गाइडसमोर, उघडलं. उपाशी अळ्यांचे सिनॅप्स जागे झाले होते! म्हणजे यादीप्रमाणे तरी. सर तसे मितभाषी, पण त्या दिवशी त्यांनी सगळ्या लॅबला डोसे खिलवले. मी घरी जाऊन आईला स्वयंपाकघरात गरागरा फिरवलं.

प्रबंधासाठी चित्रं करायला बसले तेव्हा फाइलीच्या पोटातली तारीख दिसली. नाव बदललं तरी व्हिडिओ कधी घेतला हे आत नोंदलेलं राहतं. 'उपाशी' म्हणून मांडलेल्या अळ्यांपैकी काही मंगळवारच्या होत्या. आणि मंगळवारी आमच्याकडे ताजं खाद्य शिजायचं. त्या दिवशी अळ्या उपाशी ठेवायच्याच नाहीत, हा माझा स्वतःचा नियम. मी एकेक तारीख वहीशी ताडून पाहिली.

मामांना गाठलं. त्यांनी लपवलंही नाही. "तुझा तक्ता बघून यादीतले पाच-सहा आकडे इकडचे तिकडे केले. तुझ्यासाठीच ना? कुणाचं काय गेलं?"

"माझं गेलं, मामा! माझं!" मी एवढ्या जोरात ओरडले की बाहेरची मुलं आत डोकावली. मामा मटकन स्टुलावर बसले आणि डोळे पुसू लागले. मग मीच पाघळले. म्हटलं, सरांना सांगावं तर लागेलच, पण मायेपोटी केलंत असंच सांगीन, सर भले आहेत, सांभाळून घेतील. मामा म्हणाले, "सांग. मी पण खरंच सांगतो. तुझ्या केसालाही धक्का लागू देणार नाही."

दुसऱ्या दिवशी मी सरांना सगळं सांगितलं. सरांनी मामांना बोलावून विचारलं. मामांनी माझ्याकडे पाहिलं नाही. कन्नडमध्ये, शांतपणे म्हणाले, "आकडे फिरवायला म्याडमनीच सांगितलं, सर. मी नको नको म्हणत होतो."

म्याडम! ज्या माणसाने मला फ्रॉकमध्ये पाहिलं होतं, त्याची मी एका रात्रीत म्याडम झाले.  सर एकदा त्यांच्याकडे आणि एकदा माझ्याकडे बघत राहिले. मी बोलणार तरी काय? यादी मला माहीत नव्हती, हीच तर माझी बाजू. माहीत नव्हतं याचा पुरावा कुठून आणायचा? आणि नियम मोडून घरच्या माणसाला काम कुणी दिलं, तर मीच.

"बघू," सर म्हणाले. ते प्रकरण त्यांनी काढून टाकायला लावलं. सगळे व्हिडिओ परक्या माणसाकडून नव्याने आकडे घालून मी पुन्हा मोजले. उपाशी आणि पोटभर यांत काडीचा फरक नाही. उरलेल्या प्रकरणांवर पदवी मिळाली, वर्षभर उशिरा, आणि ते अख्खं वर्ष बिनपैशाचं. सर वाईट वागले नाहीत. फक्त त्यानंतर मी मोजलेलं सगळं ते दुसऱ्याकडून एकदा मोजून घ्यायचे, माझ्यासमोरच. दर वेळी मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

मामांवर मी अजून धुमसते. माया म्हणे! माझी मान आपल्या हाताने सुरीखाली ठेवायची आणि वर घरचा माणूस म्हणवून घ्यायचं. त्यांची नोकरी टिकली. आता वाटेत दिसले तर मी रस्ता बदलते.

पण ज्याने मी मोडले ते वेगळंच. सरांच्या खोलीत जे झालं त्याच संध्याकाळी मामा आणि मामी आमच्या घरी येऊन गेले होते. मी पोचले तेव्हा कपबश्या अजून टेबलावर होत्या. मी आईला सगळं पहिल्यापासून सांगितलं, रडत, शिव्या देत.  तिने मला वाढलं, समोर बसली, पदराने माझा चेहरा पुसला. मग आवाज अगदी खाली आणून तिने विचारलं, "खरं सांग हं, मी कुणाला बोलणार नाही. तू नव्हतंस ना सांगितलं?"