मावशीची रिकामी पाटी

छोटी पापलेटं मागितली की आमची मासेवाली मावशी गिऱ्हाइकावरच उखडायची. मी शांती नगरात नवीन राहायला आले तेव्हा माझीही तिने हजेरी घेतली. “पाळण्यातलं पोर उचलून आणू काय गो तुझ्यासाठी?” मी रत्नागिरीची, माशांतलं आपल्याला कळतं अशी माझी ऐट. ती तिने नाक्यावरच उतरवली. तरी दुसऱ्या दिवशी मुकाट्याने तिच्याकडेच गेले, कारण तिच्याइतका ताजा मासा दुसऱ्या कुणाकडे नसायचा.

मावशी उत्तनची. तिच्या गावच्या होड्या जातात तिकडे खोल पाण्यात एक खडक आहे. त्यावर पंख्यासारखी जांभळी प्रवाळं वाढतात आणि त्यांच्या आडोशाला मासे अंडी घालतात. तिथे जाळं टाकायचं नाही, असं गावाने ठरवलं होतं. खरं तर मावशीनेच बैठकीत भांडून ते ठरवायला लावलं होतं. “आपण त्यांच्या घरात शिरायचं न्हाय. मोठं झालं की तेच भाईर येतील,” एवढंच तिचं म्हणणं. होडी रिकामी परत येते तेव्हा हे ऐकून घेणं सोपं नसतं.

एका सकाळी ती नेहमीच्या जागी येऊन बसली, पण पाटी रिकामी. शेजारच्या फळवाल्याने विचारलं, “मौसी, आज माल नहीं लाया?”

“नहीं लाया. खाली बैठने को आयी.”

मला हसू आलं. मग तिचा चेहरा पाहिला आणि काय झालं ते विचारलं.

पहाटे तिच्या मुलाची होडी भरून आली होती. जाळं सोडवताना मावशीच्या हाती प्रवाळाची जांभळी फांदी लागली. “पोर खडकावर गेला गो,” ती म्हणाली. “माझ्याच घरानं मोडलं, तर बाकीचे कशाला पाळतील? खडक संपला म्हणून समज.” त्या होडीतला एकही मासा तिने पाटीत घेतला नव्हता. मासे विकायला आलेल्या तिच्या गावच्या बायका येता-जाता विचारत होत्या आणि ती प्रत्येकीला खरं काय ते सांगत होती. मला तिचा थोडा रागच आला. पोटच्या पोराची अब्रू अशी कुणी चव्हाट्यावर मांडतं का?

संध्याकाळी मुलगा आला. त्याने ती रिकामी पाटी उचलून डोक्यावर घेतली आणि आईच्या मागून चालू लागला. कोळ्यांत माशांची पाटी बायकांनी उचलायची असते. पुरुषाच्या डोक्यावर ती मी पहिल्यांदाच पाहिली. गावच्या बायकांनीही पाहिली. त्यानंतर खडकावर कुणाची होडी गेल्याचं ऐकलं नाही.

मावशी जाऊन आता वर्ष होईल. तिच्या जागी सून बसते. परवा मुलगाही आला होता, आणि पाटीत हेकरू, खडकात वाढणारा मासा, एवढा मोठा की शेपटी बाहेर लोंबत होती.

“खडकावरचा का रे?” मी मुद्दाम विचारलं.

“न्हाय ताई, आम्ही आत जात न्हाय,” तो हसला. “आई बोलायची ना, तसाच. तोच भाईर आला.”

हा मासा मावशीने बघायला हवा होता.