ज्याला आधी गड दिसेल

कार्तिकात नागपूरहून रामटेकला पायी जायची आमच्या घरची रीत. त्यात बाबांचा एक नेम: वाटेत ज्याच्या नजरेला गडावरचं देऊळ आधी पडेल, त्यानं "दिसला!" म्हणून ओरडायचं. मग सगळ्यांनी तिथंच चपला काढायच्या, पुढची वाट अनवाणी. लहानपणी दरवर्षी बाबाच जिंकायचे आणि मी भोकाड पसरायची.

यंदा काचबिंदूनं बाबांची नजर जवळजवळ गेली. कारनं जाऊ म्हटलं, तर भडकले. "काहून? पाय शाबूत हायेत ना माये! उरलीसुरली नजर हाय तवर एक खेप गड पाहून घेतो." हट्टी माणूस! मीही त्यांचीच लेक, बडबडत निघाले.

दुसऱ्या दिवशी पहाटे हायवे सोडून कालव्याच्या काठानं चाललो, घरची बाकी मंडळी पुढं, बाबा आणि मी मागं. धुकं असं, की शेतं नुसती वासावरून कळत होती. कापलेलं धान, ओलं तणीस, कुठंतरी पेटलेली चूल. बैलांच्या घंट्या यायच्या, बैल दिसायचे नाहीत. अंगणात सडा टाकणाऱ्या एका बाईनं न विचारता चहा दिला. "रामाले आमचाबी नमस्कार सांगजा जी," म्हणाली. वाटलं, ही वाट संपूच नये. संपली की बाबांना गड दिसतो की नाही, ते कळणार होतं.

आणि बाबा एकदम थांबले. "दिसला!"

चपला काढून त्यांनी हात जोडले. समोर, वाटेला लागूनच, कुणाच्या तरी शेतात धानाच्या पेंढ्या रचलेलं उंच पुंजणं उभं होतं. गड अजून कोसभर लांब, तोही उजव्या हाताला.

मी बस कंडक्टरचीसुद्धा चूक काढल्याशिवाय उतरत नाही. पण बाबांची ही चूक पोटात घातली. "जिंकले बाबा तुम्ही," म्हटलं आणि माझ्याही चपला पिशवीत टाकल्या. रडू येत होतं. बरं झालं, धसकटं टोचत होती, त्यांच्या नावावर खपलं.

उन्हं वर आली, धुकं विरलं. पुढं चालणाऱ्या मंडळींनी एकच गलका केला, "दिसला, दिसला!"

बाबांनी माझा हात घट्ट धरला. मग हळूच म्हणाले, "मी त मघाच पाह्यला वं. पण तू सांग, कसा दिसून राह्यला?"

मी सांगू लागले, आणि बाबांनी चालता चालता डोळे मिटून घेतले.