एकदाही बंद न झालेलं मशीन

हार्टविग लुनेमानबद्दल चार शब्द चांगले बोलावेत म्हणून मी प्रयत्न केला. जमत नाही. जर्मनीत कासेलमध्ये आमचा लिनक्सवाल्यांचा क्लब दर गुरुवारी एका खानावळीच्या मागच्या खोलीत जमतो, आणि हा बासष्टीचा गृहस्थ तिथला न नेमलेला पुढारी. लिनक्स म्हणजे कॉम्प्युटर चालवणारी फुकटची प्रणाली; तिची आमची आवृत्ती क्लब दर दोन वर्षांनी काढतो.

मशीन चालू केलं की सगळ्यात आधी एक प्रोग्राम उठतो आणि बाकीच्यांना उठवतो. त्याला इनिट म्हणतात. एक जुना आहे, एक नवा. हार्टविग जुन्याचा भक्त. "नवा लोकांच्या माथी मारलाय. माणसाला निवड नको?" सात वर्षं हेच दळण.

काम केलं ते क्लबातल्या गेसीनने. आठवडाभर उभ्याने टपालाची वर्गवारी करायची आणि सुट्टीला लिहायला बसायची. दोन हिवाळे घालवून तिने एक कमांड बनवली. ती द्यायची, मशीन एकदा बंद करून चालू करायचं, की इनिट बदलला. बिनसलंच तर आधीचा आपोआप परत. पूर्वी याच खटाटोपात भल्याभल्यांची मशीनं आडवी व्हायची.

ती पुढच्या आवृत्तीत जायला एकतीस मार्चच्या आत हार्टविगची संमती हवी होती. हुकलं तर दोन वर्षं थांबा. आणि नियम त्यानेच केलेला: संमती देणाऱ्याने आपल्या रोजच्या मशीनवर चालवून बघायचं.

"बघितलंस का?" गेसीन विचारायची.

"बघतो गं. पळून चाललंय का?"

एका गुरुवारी पाठ दुखत होती. पुढच्या गुरुवारी बहीण आली होती. शेवटी चोवीस मार्चला गेसीन आणि मी त्याच्या घरीच धडकलो.

"सरक, मी चालवते. पाच मिनिटांचं काम आहे," ती म्हणाली.

हार्टविग मशीनला आडवा उभा राहिला. "बंद नाही करायचं. दोन हजार एकशे शहात्तर दिवस सलग चालू आहे. गावात दुसऱ्या कुणाचं आहे का?"

गेसीनने त्याच्या खांद्यावरून पडद्याकडे बघितलं. "अरे, पण तुझ्याकडे तर नवाच इनिट आहे."

"पहिल्यापासून तोच आहे. बदलायचा तर बंद करावं लागतं ना."

लोका सांगे ब्रह्मज्ञान! मला हसू आवरेना. गेसीन हसली नाही.

"मग दुसऱ्या मशीनवर बघ, आणि दे संमती."

"नियम म्हणजे नियम, गेसीन."

त्या गुरुवारी तिने क्लबात नियम बदलायला मत मागितलं. तिचा एकटीचा हात वर गेला. म्हटलं, हार्टविगशी वाकडं कशाला घ्या, उद्या आपलंही काही त्याच्याकडेच जायचं असतं. माझे हात टेबलाखाली होते.

एकतीस मार्च गेला. गेसीन यायची थांबली.

सतरा एप्रिलला हार्टविग केक घेऊन आला. त्याच्या मशीनचे बावीसशे दिवस पूर्ण झाले होते. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. केक बरा होता. मी दोन तुकडे खाल्ले.